अठरा अश्वशक्तीच्या जागी चोवीस: एका फियाट 500 मधल्या इंजिनबदलाचं प्रकरण

गाडी आमच्याकडे आली तेव्हा तिचं इंजिन चालू होतं. बंद पडलेल्या इंजिनाचा निर्णय लवकर होतो, कुरकुरत चालणाऱ्याचा होत नाही. 1970 सालची ही फियाट 500 एफ. मालक निवृत्त शिक्षक, आणि ही त्यांची रोजच्या वापरातली गाडी, प्रदर्शनात ठेवायची नव्हे. त्यांनी दोन तक्रारी सांगितल्या. हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, सांध्यातून फुसफुस ऐकू येते आणि चढावर गाडीला दम लागतो. आम्ही हेडचे नट तपासायला घेतले तर एक स्टड, म्हणजे हेड धरून ठेवणारा आट्यांचा दांडा, पान्याबरोबर नुसताच फिरत राहिला. या इंजिनाची क्रँककेस, म्हणजे सिलिंडरांखालचं मुख्य अंग, ॲल्युमिनियमची आहे. पूर्वी कुणीतरी गरजेपेक्षा जास्त कसल्यामुळे तिच्यातले आटे गेले होते. दोनपैकी एका सिलिंडरचं कॉम्प्रेशनही उतरलेलं होतं.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. आटे गेलेल्या भोकात स्टीलचा इन्सर्ट बसतो, सिलिंडर आणि पिस्टन नवे मिळतात. तेच करायचं असं ठरतही आलं होतं. पण मालकांनी विचारलं, "दुरुस्त झाल्यावर चढावर काय होईल?" आम्ही खरं ते सांगितलं: गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी चढत होती तशी चढेल, त्याहून बरी नाही. ते म्हणाले, "मला वेग नकोय हो. माझ्यामुळे मागच्या गाड्यांची रांग लागते, ती लागू नये एवढंच."

पुढचे सगळे निर्णय आम्ही या एका वाक्याला धरून घेतले. इंजिन बदलताना बहुतेक माणसं अश्वशक्तीच्या आकड्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. आधी विचारायचं ते हे, की गाडीने कोणतं काम करावं जे आज ती करत नाही. इथे काम ठरलेलं होतं: दोन मोठी माणसं आणि मागे दोन मुलं घेऊन लांब चढ दुसऱ्या गिअरमध्ये काढायचा, पहिल्यावर यायला लागू नये. आणि या गाडीत पहिल्यावर येणं हे कष्टाचं काम आहे. 500 एफच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना फेऱ्या आपोआप जुळवणारी सोय, नाही. चढावर वेग मरत असताना डबल क्लच करून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, इंजिनच्या फेऱ्या अंदाजाने जुळवून पहिला टाकायचा, आणि अंदाज चुकला की गाडी उभी.

गाडीचा मूळ हिशेब आधी सांगायला हवा. दान्ते जाकोसा यांनी रेखलेली ही 500 जुलै 1957 मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यात 479 सीसीचं, 13 अश्वशक्तीचं इंजिन होतं. एफ मॉडेलपर्यंत ते 499.5 सीसी आणि 18 अश्वशक्तीवर गेलं. लांबी 2.97 मीटर, वजन 520 किलोच्या आसपास, कमाल वेग ताशी 95 किलोमीटर. इंजिन मागे, हवेने थंड होणारं, दोन उभे सिलिंडर शेजारी शेजारी. दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात. त्यामुळे स्फोट सारख्या अंतराने होतात, पण हादरा मोठा असतो. म्हणूनच या इंजिनाचं मागचं टोक घट्ट बोल्ट करून ठेवलेलं नाही, ते एका स्प्रिंगवर झुलतं ठेवलं आहे. अशा गाडीत दुसरं इंजिन घालायचं तर त्या इंजिनाचं वजन, हादरा, उष्णता आणि ताकद या चारही गोष्टी तिच्या अंगाला झेपायला हव्यात.

पर्याय आम्ही कागदावर मांडले. पहिला, त्याच इंजिनाला मोठे सिलिंडर लावायचे. ही वाट जुनी आहे. कार्लो अबार्थ यांनी 1963 च्या 595 मध्ये हेच केलं, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 73.5 मिलिमीटर करून 27 अश्वशक्ती काढली. पण त्यासाठी क्रँककेसची तोंडं मोठी करून घ्यावी लागतात, आणि आमची क्रँककेस आधीच स्टडच्या आट्यांपाशी दुखावलेली. दुखऱ्या धातूतून आणखी धातू काढून तिच्यावर जास्त दाब टाकायला माझं मन तयार होईना.

दुसरा पर्याय मोटरसायकलच्या इंजिनाचा. मालकांच्या भाच्याने तो मोठ्या उत्साहाने सुचवला होता. 500 मध्ये अशी इंजिनं बसवलेली आहेत आणि त्या गाड्या विलक्षण पळतात. पण मोटरसायकलचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच अंगाचे असतात आणि त्यात रिव्हर्स नसतो. रिव्हर्ससाठी वेगळी पेटी किंवा विजेची मोटर लावावी लागते. क्लच बनवलेला असतो दोन-अडीचशे किलोच्या यंत्रासाठी. तोच क्लच चार माणसांसह आठशे किलोच्या घरात जाणाऱ्या गाडीला चढावर उभ्याने सोडायला लावला, तर तो फार दिवस टिकणार नाही. शिवाय त्या इंजिनांची ताकद असते खूप वरच्या फेऱ्यांवर, आणि मालकांना हवी होती खालच्या. एकेक कारण मांडत गेलो तसा भाचाच म्हणाला, "मग नकोच."

तिसरा पर्याय एखाद्या आधुनिक छोट्या गाडीचं पाण्याने थंड होणारं इंजिन. त्याला रेडिएटर हवा, रेडिएटरला जागा हवी, पाण्याचे पाइप पुढपर्यंत न्यायला हवेत, मागचा पत्रा कापायला हवा. मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं वजन वाढलं की वळणावर शेपूट बाहेर फेकली जायला लागते. हे सगळं सावरता येतं, पण सावरता सावरता जी गाडी उरते ती 500 असते की 500 चा पत्रा पांघरलेलं दुसरंच काही, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

राहिलं ते याच घराण्यातलं इंजिन. 500 नंतर 1972 मध्ये फियाट 126 आली. तिचं इंजिन आधी 594 सीसीचं होतं, 1977 पासून 652 सीसीचं, 24 अश्वशक्तीचं. पोलंडमध्ये ही गाडी 2000 सालापर्यंत बनत होती, त्यामुळे सुटे भाग मुबलक. आणि हे नातं किती जवळचं आहे ते मोजमापांवरूनच कळतं. 499.5 सीसीच्या इंजिनाचा बोअर 67.4 मिलिमीटर, 594 चा 73.5, आणि 652 चा 77. स्ट्रोक तिन्हींचा एकच, 70 मिलिमीटर. म्हणजे पिस्टनची धाव तीच राहिली, फक्त अंग रुंद होत गेलं. कारखान्यानेही ही अदलाबदल स्वतः केलेली आहे. 1972 ते 75 मधल्या शेवटच्या 500 आर मध्ये 126 चंच 594 सीसीचं इंजिन होतं, ताकद उतरवून पुन्हा 18 अश्वशक्तीवर आणलेलं. परकं इंजिन या पत्र्यात शोभतं याचा त्याहून जुना दाखला ऑस्ट्रियातला आहे. स्टायर-पूख कंपनी 1957 पासून 500 च्या सांगाड्यात आपलं स्वतःचं आडव्या सिलिंडरांचं इंजिन घालून गाड्या विकत होती, आणि त्यांच्यातली 650 टीआर पुढे रॅलींमध्ये गाजली.

निर्णय 652 चा झाला. मी दोन अटी घातल्या. एक, गाडीचा मूळ पत्रा कुठेही कापायचा नाही. जुनं इंजिन दुरुस्त करून जपून ठेवायचं आणि उद्या कुणाला ते परत बसवावंसं वाटलं तर फक्त पाने लागतील, वेल्डिंग नाही. दुसरी, इंजिन सुरू करण्याआधी ब्रेकचं काम पूर्ण झालेलं असेल.

इंजिन निवडताना एक सापळा असतो, तो नमूद करून ठेवतो. 126 च्या नावाने मिळणारं प्रत्येक इंजिन चालत नाही. 1987 मध्ये आलेल्या 126 बिसचं 704 सीसीचं इंजिन पाण्याने थंड होणारं आणि आडवं झोपवलेलं आहे. घराणं तेच, पण या जागेत ते बसत नाही. आम्ही आणलेलं इंजिन उभ्या सिलिंडरांचं, हवेने थंड होणारं होतं. हेड काढलं, दोन्ही सिलिंडर उचलून पाहिले, पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्ह बदलले. क्रँकशाफ्ट हाताने हलवून, फिरवून पाहिली, ठीक वाटली, आणि बेअरिंगं उघडली नाहीत. त्या न उघडण्याने पुढे आमच्या जिवाला घोर लावला.

बसवण्याचा भाग भराभर सांगतो, कारण त्यात नवल फारसं नाही. फ्लायव्हील, क्लच प्लेट, तिच्या आतल्या खाचा, रिलीज बेअरिंग आणि स्टार्टरचे दात हे सगळं टेबलावरच एकमेकांत घालून पाहिलं. इंजिन गाडीत चढवल्यावर हे जुळत नाही असं कळणं म्हणजे आठवड्याची मेहनत वाया. मागची स्प्रिंग आणि तिचा ब्रॅकेट 500 चेच ठेवले. सायलेन्सर 500 च्या आकाराचा घेतला. कार्ब्युरेटर मात्र 126 चाच, वेबर 28 आयएमबी. 500 चा 26 आयएमबी लावला तर इंजिन मोठं आणि घसा अरुंद, मग घातलेली ताकद तिथेच अडते. स्टार्टर आणि चोकचे दोन छोटे दांडे गिअरच्या दांड्यामागे असतात, ते जसेच्या तसे राहिले. मालकांचा तो हट्टच होता, आणि मला तो आवडला.

प्रश्न आला ऑइल चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा. 126 चं ॲल्युमिनियमचं चेंबर मोठं आहे, त्याला बाहेरून पट्ट्या आहेत, तेल जास्त मावतं आणि थंडही बरं होतं. पण ते 500 च्या मागच्या खालच्या पत्र्याला अडतं. अनेक जण इथे पत्र्याला कात्री लावतात. माझी अट आठवून आम्ही 500 चं साधं पत्र्याचं चेंबर तेल ओढणाऱ्या नळीसह लावलं. इंजिन व्यवस्थित बसलं, कुठेही काही अडलं नाही, आणि त्या संध्याकाळी आम्ही खूश होतो.

पहिले काही दिवस छान गेले. मग मालक एका दुपारी लांबचा चढ चढून वर पोचले, गाडी मोकळ्यावर सोडली, म्हणजे गिअर काढून इंजिन नुसतं चालू ठेवलं, आणि तेलाचा लाल दिवा मिणमिणला. या गाडीत तेलाच्या दाबाचा काटा नाही, फक्त दिवा आहे. दिवा दिसताक्षणी त्यांनी इंजिन बंद केलं, अर्धा तास थांबले आणि मग सावकाश खाली आले. त्यांच्या या सावधपणामुळेच पुढचं सगळं तपासायला इंजिन शाबूत राहिलं.

आमचा पहिला संशय बेअरिंगांवर. न उघडलेली बेअरिंगं झिजलेली असतील, तेल सैल फटीतून निसटत असेल, आता सगळं इंजिन खाली उतरवायचं. पण उतरवण्याआधी मोजायचं ठरवलं. दिव्याच्या स्विचच्या जागी तात्पुरतं प्रेशर गेज लावलं आणि डिपस्टिकच्या भोकातून तापमानाचा प्रोब सोडला. थंड इंजिनावर दाब उत्तम. साध्या रस्त्यावर गरम झाल्यावरही ठीक. चढ चढवला की तेलाचं तापमान चढतच जाई आणि मोकळ्यावर दाब कोसळे. बेअरिंगं खूप झिजलेली असती तर साध्या रस्त्यावरही दाब कमीच दिसला असता. इथे तापमान आणि दाब बरोबरीने हलत होते. तेल पातळ होत होतं म्हणून दाब पडत होता, आणि आता तेल इतकं का तापतं हे शोधायचं होतं.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात गरम हवेची वाट आणि थंड हवेची वाट एकमेकींपासून कायम वेगळ्या राहायला हव्यात. 500 मध्ये बाहेरची हवा मागच्या काचेखालच्या झरोक्यांतून आत येते, रबरी भात्यासारख्या एका जोडनळीतून पंख्याच्या पत्र्याच्या घरात शिरते, सिलिंडरांवरून फिरते आणि खालून बाहेर पडते. पंखा डायनॅमोच्याच दांड्यावर असतो. वर थंड आणि खाली गरम, मधे इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्ट्या. ही भिंत फुटली की खालची गरम हवा वर येते, पंखा तीच पुन्हा ओढतो, आणि इंजिन स्वतःच्याच उच्छ्वासावर जगायला लागतं.

म्हणून आम्ही एक साधी गोष्ट केली. गाडी चढावरून आल्या आल्या भात्याच्या तोंडाशी येणाऱ्या हवेचं तापमान घेतलं आणि बाहेरच्या हवेशी ताडून पाहिलं. दोन्ही जवळपास सारखी असायला हवीत. ती सारखी नव्हती. आत येणारी हवा हाताला स्पष्ट गरम लागत होती. मग इंजिन चालू ठेवून सांध्यांजवळ लोकरीचा धागा धरत गेलो. भात्याच्या खालच्या कडेला धागा आत खेचला गेला. पंख्याचं घर आम्ही 126 चं वापरलं होतं, त्याचं तोंड आणि 500 चा भाता यांचा मेळ एका बाजूला बोटभर कमी पडत होता. वरून पाहिलं तर कळतही नव्हतं. दुसरी फट खाली, चेंबर आणि मागचा पत्रा यांच्यामधल्या पट्टीत. म्हणजे खाली गरम हवेला वर यायला वाट होती आणि वर तिला आत घ्यायला तोंड. दोन फटी एकमेकींना पूरक.

तिसरं कारण त्या पत्र्याच्या आतच होतं. गरम हवा बाहेर सोडणारी झडप एका थर्मोस्टॅटवर चालते. थंड इंजिन लवकर तापावं म्हणून ती आधी बंद असते आणि तापल्यावर उघडते. आमची झडप उघडत होती, पण अर्धीच. बिजागरीवर जुना गंज होता. इंजिन खोलताना ही झडप हाताने एकदा हलवून पाहिली असती तर तेव्हाच कळलं असतं. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारे आम्ही पत्र्याच्या कामाला दुय्यम समजलो. पाण्याच्या इंजिनात रेडिएटरला भोक असताना कुणी गाडी बाहेर काढणार नाही. हवेच्या इंजिनात हे पत्रेच रेडिएटर असतात.

126 च्या पंख्याच्या घराच्या जागी 500 चं परत आणून बसवलं, खालची रबरी पट्टी नवी कापून घातली, झडप मोकळी केली. तापमान बरंच उतरलं, पण माझ्या मनासारखं नाही. उरला चेंबरचा मुद्दा. मूळ चेंबर 18 अश्वशक्तीच्या उष्णतेसाठी केलेलं होतं, आता इंजिन तिपटीच्या नव्हे पण तिसऱ्या हिश्शाने जास्त काम करत होतं. जेवढं पेट्रोल जास्त जळतं तेवढी उष्णता जास्त, आणि तिचा मोठा वाटा तेल वाहून नेतं. शेवटी 500 च्या पत्र्यात बसेल अशा आकाराचं, बाहेरून पट्ट्या असलेलं ॲल्युमिनियमचं मोठं चेंबर घेतलं. पत्रा न कापता तेल वाढलं. बदल्यात गाडीचं पोट जमिनीच्या थोडं जवळ आलं. मालकांना गाडीखाली वाकायला लावून ते दाखवलं, कारण गतिरोधकावरून गाडी न्यायची ती त्यांना. त्यांनी मान्य केलं. त्या चढावर नंतर लाल दिवा लागला नाही, आणि बेअरिंगं न उघडताच राहिली.

आता गिअरचा हिशेब. 500 एफचा क्राउन-पिनियन, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकांकडे फेऱ्या नेणारी शेवटची दात्यांची जोडी, 8 आणि 41 दातांचा, म्हणजे प्रमाण 5.125. चौथ्या गिअरचं प्रमाण 0.875. टायरचा घेर सुमारे 1.6 मीटर धरला तर ताशी 80 किलोमीटरला इंजिन मिनिटाला साधारण 3,740 फेऱ्या घेतं. ताशी 95 ला त्या 4,440 च्या जवळ जातात, आणि जुन्या इंजिनाची पूर्ण ताकद 4,600 फेऱ्यांना मिळत होती. म्हणजे जुनी जोडणी अचूक होती. गाडी जिथे थांबते तिथेच इंजिनही थकतं. नवं इंजिन त्याच क्राउन-पिनियनवर लावलं की गाडी त्याच वेगाला तितकंच किंचाळते, फक्त तिला आणखी पुढे जायचं असतं. मालकांची तक्रार आलीच: "चढ छान काढते, पण सपाटीवर कान दुखतात."

126 चा क्राउन-पिनियन 8 आणि 39 दातांचा, म्हणजे 4.875. फेऱ्या पाच टक्क्यांनी उतरतात. ताशी 80 ला साधारण 3,560. आता कुणी म्हणेल की गिअर लांब केला तर चढावरची ओढ कमी होईल. होते, पण किती ते पाहू. इंजिनाचा आकार 499.5 वरून 652 म्हणजे 30 टक्के वाढला. ओढही ढोबळमानाने तेवढीच वाढते असं धरलं आणि त्यातून गिअरचे पाच टक्के वजा केले, तरी चाकावर जवळजवळ 24 टक्के जास्त ओढ उरते. मागच्या गाड्यांची रांग टाळायला ती पुरेशी होती.

126 चा आख्खा गिअरबॉक्स घातला असता तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याला सिंक्रोमेश मिळाला असता. मी सुचवलं. मालकांनी नकार दिला. गिअर बदलताना फेऱ्या कानाने जुळवण्यात त्यांना आनंद होता. त्रास होता तो फक्त चढावर पहिल्यावर यावं लागण्याचा, आणि पहिल्याला सिंक्रोमेश 126 मध्येही नाही. मग जुन्याच गिअरबॉक्समध्ये 8/39 ची जोडी बसवली. हे काम घाईचं नाही. जोडी कायम जोडीनेच घ्यायची, दातांना रंग लावून फिरवून डाग कुठे उमटतो ते पाहायचं, शिम, म्हणजे मधली पातळ चकती, बदलायची, पुन्हा पाहायचं. डाग दाताच्या मध्यावर येईपर्यंत आमचे दोन दिवस गेले. रस्त्यावर आवाज आला नाही तेव्हा ते दोन दिवस वसूल झाले.

ब्रेकचं काम इंजिनच्या आधी झालं होतं, तरी कारण इथे सांगतो. 126 ची कमाल गती ताशी 105 किलोमीटर, 500 ची 95. आकड्यांत फरक दहाचा, पण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. 105 ला 95 ने भागून वर्ग केला की 1.22. म्हणजे त्याच चार ड्रमना 22 टक्के जास्त उष्णता गिळायची आहे. वर मूळ गाडीत ब्रेकचं सर्किट एकच. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. आम्ही ड्रम गोल आहेत का ते मोजले, दोन बदलले, सगळे शू, चाकांचे सिलिंडर आणि रबरी नळ्या नव्या घातल्या, आणि दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवला. पुढे डिस्क लावाव्यात का यावर बोलणं झालं. या मालकांच्या चालवण्याला नीट ठेवलेले ड्रम पुरेत असं माझं मत पडलं. दुसरा कुणी चालक असता तर मी डिस्कचा आग्रह धरला असता. मालकांनीही कमाल वेगाकडे कधी जायचं नाही हे स्वतःहून कबूल केलं.

कागदपत्रांचं एवढंच: इंजिन क्रमांक आणि सीसी दोन्ही बदलतात, त्यामुळे नोंदणी आणि विमा दोन्हीकडे ते नोंदवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. अपघात झाला आणि विम्याच्या कागदावर वेगळंच इंजिन निघालं, तर घरची माणसं अडचणीत येतात.

जुनं इंजिन आम्ही शब्द दिल्याप्रमाणे पुरं केलं. आटे गेलेल्या आणि कमकुवत वाटलेल्या भोकांत स्टीलचे इन्सर्ट घातले, सिलिंडरांत तेल सोडलं, तोंडं बंद केली. काढलेला क्राउन-पिनियन, पत्र्याचं चेंबर, 26 आयएमबी कार्ब्युरेटर हे सगळं चिठ्ठ्या लावून त्याच्याबरोबर एका लाकडी चौकटीवर बांधलं. मालकांनी ते घरी नेलं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मोठे पिस्टन म्हणजे जास्त वजन वर-खाली होणार, त्यामुळे मोकळ्यावर सोडली की गाडी आधीपेक्षा थोडी जास्त थरथरते. मागच्या स्प्रिंगखालचं रबर बदलून फरक पडला, पण थरथर पूर्ण गेली नाही. मोकळ्यावरच्या फेऱ्या थोड्या वाढवून ठेवल्या आहेत. पुढच्या वेळी फ्लायव्हील आणि क्लच एकत्र तोलून घ्यायचे आहेत.

पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी तेल बदलायला आली. या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नसतो. क्रँकशाफ्टच्या पुढच्या पुलीच्या आतच तेल गरगर फिरतं आणि घाण कडेला चिकटून बसते. पुलीचं झाकण उघडलं. मालक शेजारी उभे होते. आत कडेभोवती काळ्या, मऊ चिखलाचा पातळ थर होता, रिंगा बसताना येतो तेवढाच. तो मी बोटावर घेऊन उजेडात धरला, चोळून पाहिला. धातूची चमक कुठेच नव्हती. झाकणाला नवी गॅस्केट लावून पुली बंद केली आणि चेंबरमध्ये ताजं तेल ओतलं.